मालक कुठे आहेत?

राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. रविवारी झालं, आज गुरुवार आहे, आणि काल रात्री दात घासताना मी आरशाकडे बघून "मीच मालक!" असं पुन्हा एकदा म्हणालो. तोंडात पेस्ट होती, त्यामुळे ते नीट उमटलं नाही. रविवारी तरी कुठे उमटलं होतं म्हणा.

ऑक्सफर्डशायरमधलं एक गाव, गावाबाहेरचं कुरण आणि कुरणात जुन्या गाड्यांचा मेळा. उन्हाळ्यात इथे दर रविवारी कुठे ना कुठे हे चालूच असतं. आपल्याकडे जत्रेत बैलांचा बाजार भरतो तसंच. तिकडे जबडा उघडून दात बघतात, इकडे बॉनेट उघडून इंजिन. मी माझी १९७१ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची उघडी स्पोर्ट्स गाडी, घेऊन गेलो होतो. चार वर्षं खपून उभी केलेली, ब्रॉन्झ यलो रंगाची. म्हणजे फोडणीच्या भातात हळद जरा जास्त पडली की जो रंग येतो, तो. अनघा घडीच्या खुर्चीत थर्मास घेऊन बसली होती आणि मी पिवळं फडकं घेऊन गाडीपाशी उभा होतो. सगळा घोटाळा त्या फडक्यामुळे झाला, असं अनघाचं मत आहे. माझं मत वेगळं आहे.

तो आला. वय सत्तरीच्या पुढे, भर उन्हात मेणकापडाचं हिरवं जाकीट, आणि दोरीला एक टेरियर, ज्याचं तोंड मालकासारखंच होतं; म्हणजे समोरचं जग जरा कमी पडतंय असं. त्याने हात पाठीमागे बांधून गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या. मग थांबला, मान डोलावली आणि मला म्हणाला, "सुंदर काम आहे. मालक कुठे आहेत?"

"मीच."

"हो हो, तुम्ही छानच पुसताय," तो म्हणाला. "पण मालक? चहाला गेलेत का?"

आता शेजारची गाडी मॉर्गन होती. तिचा मालक हॅट तोंडावर टाकून सकाळपासून घोरत होता. तो जिवंत आहे की नाही याचीही कुणाला खात्री नव्हती. पण तो मालक आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती. झोपलेला माणूस मालक, आणि हातात चावी, खिशात कागद, नखांत ग्रीस घेऊन जागा उभा असलेला मी मात्र चहाला गेलेल्या माणसाचा कुणीतरी.

मी खिशातून चावी काढून दाखवली. चावीला अष्टकोनी बिल्ला आहे, एमजीचा. त्याने चावी पाहिली, मला पाहिलं, पुन्हा चावी पाहिली. "अच्छा!" तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही ही तयार विकत घेतलीत."

"नाही. मी केली."

"स्वतः?"

"पत्रा आणि रंग सोडून सगळं."

हे वाक्य तोंडातून सुटलं आणि मी मनात कपाळावर हात मारला. इथे असं कबूल करायचं नसतं. पण खोटं बोलायची सवय नाही. आणि पत्र्याचा विषय निघाला की माझा आवाज आपोआप खाली येतो, घरातल्या आजारपणाबद्दल बोलताना येतो तसा.

कारण पत्रा हीच या गाडीची कुंडली. एमजीबीला वेगळी चासी नाही. सगळा भार बॉडीनेच पेलायचा. त्यात रोडस्टरला वर पक्कं छप्पर नाही. म्हणजे पुढचा आणि मागचा अर्धा भाग एकमेकांना धरून आहेत ते मुख्यतः दारांखालच्या दोन पोकळ तुळयांच्या जिवावर. त्यांना सिल म्हणतात. आणि इंग्लंडातल्या पावसाला, हिवाळ्यात रस्त्यावर ओततात त्या मिठाला पहिलं जेवायला काय सापडतं, तर हेच सिल. मी गाडी घेतली ३,२०० पौंडांना. विकणारा म्हणाला होता, "वयाच्या मानाने ठणठणीत." घरी आणून मी स्क्रूड्रायव्हरने सिलवर जरा टोचलं, तर तो दांड्यापर्यंत आत गेला. भिजवलेल्या भाकरीत बोट जावं तसा, आवाजसुद्धा न करता. वरची लांबी, म्हणजे पुट्टी, खरवडून काढली. तिच्याखाली जुना पत्रा नव्हताच. रिव्हेट मारून बसवलेलं बिस्किटाच्या डब्याचं झाकण होतं. त्याच्यावर बॅगपाइप वाजवणारा एक स्कॉटिश माणूस, गालबिल फुगवून, अजून व्यवस्थित दिसत होता. तो मी फ्रेम करून गॅरेजमध्ये लावला आहे. गाडीतला तेवढाच भाग गंजलेला नव्हता.

नवे सिल घालायचे तर गाडी आधी नीट टेकू देऊन धरावी लागते, नाहीतर कापल्यावर ती मधोमध झोपते, सैल पडलेल्या बाजेसारखी, आणि मग दारं जन्मात लागत नाहीत. हे काम माझं नव्हे. ते एका वेल्डरने केलं. त्याने दर आठवड्याला फोन करून "आणखी थोडं सापडलंय" असं सांगायचा सपाटा लावला. हळूहळू मला फोनच्या रिंगवरून कळायला लागलं की आज किती सापडलंय.

हिशेब मी एका एक्सेलच्या फाइलमध्ये ठेवत होतो. फाइलचं नाव 'किराणा'. दीड वर्ष हे सुरळीत चाललं. मग एक दिवस अनघाने खरंच किराण्याचा हिशेब बघायला ती उघडली आणि "बंपर, क्रोम, दोन – १,१५०" या ओळीपाशी थांबली. "हे आपण कधी खाल्लं?" एवढंच तिने विचारलं. बाकीचं मी आपणहून सांगितलं. एकूण २२,७४० पौंड. विमा कंपनीने गाडीची किंमत मान्य केली १२,५००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं अनघा म्हणाली. पण ते ती प्रेमापोटी म्हणाली. म्हण एकास तीनवर थांबते. मी गणित करून पाहिलं, आमचा मसाला एकास सहा पडला आहे.

आणि मसाला लागतोच. माझ्याकडचे पाने मिलिमीटरचे, हिचे बोल्ट इंचाच्या अपूर्णांकात. सात सोळांश, अर्धा, नऊ सोळांश. अर्ध्या इंचाला बाराचा पाना बसतच नाही, तेराचा जेमतेम बसल्यासारखं करतो आणि ऐन वेळी डोकं गोल करून टाकतो. आजोबा मिरजेला ओट्यावर बसवून पावकी, निमकी, पाऊणकी म्हणून घ्यायचे, तेव्हा "याचा आयुष्यात उपयोग काय" म्हणून मी रडायचो. त्यांची माफी मी गाडीखाली उताणा पडून मागितली. पेट्रोलचंही तेच. २०२१ च्या सप्टेंबरपासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते जुने रबरी पाइप खातं. तेव्हा पाइप बदलले, आणि वर महागातलं पेट्रोल वेगळं. सगळं घर डाळभात जेवतं आणि हिचं ताट सोवळ्यातलं.

एक सवलत मात्र आहे. गाडी चाळिशीच्या पुढे गेली की सरकार रस्त्याचा कर माफ करतं, वार्षिक तपासणीसुद्धा सक्तीची नाही. हे वाचून दाखवल्यावर अनघा म्हणाली, "चाळिशीनंतर कर माफ? मग माझं काय?" तिची चाळिशी उलटून सात वर्षं झाली. मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

पण मी त्या माणसाला मध्येच सोडून आलो. तो काही जात नव्हता.

"रंग चुकलाय," तो म्हणाला. "एमजी हिरवी असते."

याची मात्र मी वाटच बघत होतो. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून जुन्या गाड्यांचं प्रमाणपत्र मिळतं: कुठल्या दिवशी बांधली, रंग कुठला, कारखान्यातून कुठे पाठवली. माझं मी लॅमिनेट करून गाडीत ठेवलं आहे. काढलं आणि समोर धरलं. अॅबिंग्डनचा कारखाना, १९७१, ब्रॉन्झ यलो. त्याने चष्मा वर केला, खाली केला, कागद लांब धरला. "हं," तो म्हणाला, "छापलेलं आहे खरं." मी वीस वर्षं या देशात आहे. राहण्याच्या परवान्यापासून नागरिकत्वापर्यंत जेवढे कागद मी जमवले, त्यातला एकही कुणी इतका वेळ, इतक्या अविश्वासाने वाचला नव्हता.

मग त्याने गाडीच्या दिशेने हनुवटी केली आणि विचारलं, "आणि ती मूळची कुठली?"

आता इंग्रज माणूस गाडीला 'ती' म्हणतो, हे मला ठाऊक आहे. आपणही म्हणतो. पण 'मूळचे कुठले' हा प्रश्न इथे आम्हाला इतक्या वेळा विचारला जातो की त्याचं उत्तर डोक्यातून येतच नाही, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो तसं येतं. त्याची हनुवटी जिकडे होती तिकडे, गाडीच्या पलीकडे, अनघा बसली होती. मी म्हणालो, "कराडची."

त्याने डोळे मिटून विचार केला. मनातल्या मनात बहुधा नकाशा उघडला. "कराड," तो म्हणाला. "बॅनबरीच्या पुढे ना? तिथे एक पत्रेवाला होता चांगला."

थर्मासचं झाकण खाली पडल्याचा आवाज आला. अनघाने तोंड ओढणीत घातलं होतं.

"तोच," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम मी त्याला त्या कुरणात कसा समजावणार होतो?

कराडच्या पत्रेवाल्यामुळे माझा भाव जरा वधारला असावा, कारण तो आता गुडघ्यावर बसला आणि त्याने दार उघडायची परवानगी मागितली. दाराच्या कडेला कुलपाची पट्टी असते. तिच्या स्क्रूंवर त्याने नाक टेकवलं. कुत्रंही शेजारी तसंच बसलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. कोरड्या चेहऱ्याचा सराफ अंगठी तपासतो तेव्हा ग्राहकाला कसं वाटतं, ते मला कळलं.

"फिलिप्स," तो हळूच म्हणाला. जसं डॉक्टर म्हणतात, "सावली दिसते आहे."

ज्यांना याचं गांभीर्य कळत नाही त्यांच्यासाठी: स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असतं, तो फिलिप्स. त्याच चिन्हाच्या चार कोपऱ्यांत आणखी चार बारीक रेघा असल्या, नखाने ओढल्यासारख्या, की तो पॉझिड्राइव्ह. त्या काळातल्या ब्रिटिश गाड्यांना पॉझिड्राइव्ह असत. मला हे माहीत होतं. मी ते बसवलेही होते. फक्त एक, एकच, गेल्या नोव्हेंबरात गॅरेजच्या फरशीवर पडून कुठेतरी गडप झाला. थंडी होती, रात्रीचे अकरा वाजले होते, आणि मी डब्यातला हाताला लागेल तो घालून दिवा मालवला होता. पृथ्वीवर याला साक्षीदार नव्हता. त्या माणसाला तो सापडायला चार मिनिटं लागली.

"असू दे," तो म्हणाला. "सगळ्यांना नाही लक्षात येत."

बिस्किटाच्या डब्यावर पत्रा म्हणून विसंबलेला तो आधीचा मालक, त्याला कुणी असं बोललं असेल का? तो मालक होता. त्याचे अपराध 'त्या काळची पद्धत' झाले असते. माझा एक स्क्रू मात्र पुरावा ठरतो.

म्हणून मी जरा गुर्मीत आलो. चाकांकडे बोट दाखवलं. तारांची चाकं आहेत, एकेकाला साठ तारा. पाच चाकांच्या तीनशे तारा मी टूथब्रशने घासल्या आहेत. "पाच?" त्याने विचारलं. आणि वीस वर्षांचं कमावलेलं इंग्रजी मला ऐन वेळी सोडून गेलं. मिरजेच्या स्टँडमागचं गॅरेज तोंडातून बाहेर आलं. "हो," मी म्हणालो, "स्टेपनी डिकीत आहे."

"स्टेपनी," तो शांतपणे म्हणाला, "लंडनमध्ये आहे. पूर्वेला."

इथे मला जे बोलायचं होतं ते मी अर्थातच घरी पोचल्यावर बोललो, फ्रिजसमोर. अरे बाबा, तो शब्द तुमचाच. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांना जादा चाकच नसायचं. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेल्ली गावात, स्टेपनी स्ट्रीटवरच्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून जखडायचं जादा चाक काढलं. ते जगभर गेलं. तुम्ही चाक वापरलंत आणि शब्द टाकून दिलात. आम्ही तो उचलून शंभर वर्षं झिजवतोय. आणि 'डिकी' म्हणजे तुमच्याच जुन्या गाड्यांच्या मागची, झाकण उघडून बसायची जागा. तुमचे टाकलेले शब्द, टाकलेल्या गाड्या, सगळं आम्ही घासूनपुसून वापरतो, आणि वर मालक कुठे म्हणून विचारता! फ्रिजने काही प्रतिवाद केला नाही.

कुत्र्याने मात्र त्याच सुमारास मागच्या डाव्या चाकाशी पाय वर केला. साठ तारा. "अरे अरे," तो कुत्र्याला लाडाने म्हणाला, आणि माझ्या हातातल्या फडक्याकडे बघून, "बरं झालं, तुमच्याकडे आहेच."

यानंतरचा अर्धा तास मी कुणाशी बोललो नाही. पुण्याच्या साडूंचा व्हिडिओ कॉल आला, तो तेवढ्यासाठी घेतला. त्यांच्याकडे एमजीचीच नवी गाडी आहे, हेक्टर. "एमजीच ना? मग सेमच की आपलं," साडू म्हणाले. "आमची बोलते. सनरूफ उघड म्हटलं की उघडते." मी कॅमेरा फिरवून आमचं सनरूफ दाखवलं. "अहो, छप्परच कुठेय?" साडू म्हणाले. तेच तर. अॅबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद पडला, ते नाव पुढे चीनमध्ये गेलं आणि तिथून गुजरातेत हालोलला आलं. साडूंच्या गाडीला माझ्यापेक्षा कमी अंतरावरून आल्याचा मान आहे. तिच्याजवळ उभं राहून त्यांना मालक कुठेत असं कुणी विचारणार नाही. गाडीच परस्पर सांगेल.

मग हा उपद्व्याप कशाला, असं साडू दर वेळी विचारतात. त्यांना सांगून कळत नाही. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे दोन एसयू कार्बोरेटर शेजारी शेजारी असतात, पितळी टोप्या घातलेल्या. टोपी फिरवून काढायची, आत थेंब थेंब पातळ तेल सोडायचं, समईत सोडतो तसं, आणि टोपी परत खाली दाबताना तिचा दांडा तेलाला अडून हळूहळू, अगदी नाइलाजाने खाली जातो. त्या वेळी माझा रक्तदाब मोजावा. सकाळी येताना वाँटेजच्या पुढे डोंगरपायथ्याच्या रस्त्याला लागलो, टप खाली, एका बाजूला बार्लीची शेतं, आणि ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या जादा गिअरचं, बटण दाबल्यावर इंजिनाने सुस्कारा टाकला. अनघाने डोक्याचा स्कार्फ सोडून हात बाहेर काढला आणि वारा धरून बघितला. वळणावर एका शाळकरी पोराने सायकल थांबवून दोन्ही हात हलवले. त्याने मालक कोण ते विचारलं नाही.

चार वाजता मेळा उठला. एकामागून एक गाड्या सुरू होऊन फाटकाकडे निघाल्या. मॉर्गनवालाही उठला, जांभई दिली आणि पहिल्या झटक्यात चालू करून गेला. मी चावी फिरवली. एमजीबीत चावी फिरवली की मागून आधी पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू यायला हवी, घड्याळासारखी. आली नाही. शांतता. फाटकापाशी उभे असलेले सगळे, कुत्र्यासह, वळून बघायला लागले.

मी बॉनेट उघडायला उतरलो. खरं तर बॉनेटमध्ये काही नव्हतं. पण मानापमानाच्या प्रसंगी बॉनेट उघडलं की बरं वाटतं. अनघा मात्र काही न बोलता उतरली, मागच्या उजव्या चाकाशी गेली, थर्मास उलटा धरला आणि खाली हात घालून पंपाला एक ठोसा दिला. थांबली. दुसरा दिला, जरा डावीकडे. टिक. टिक टिक टिक टिक. गेली दोन वर्षं ती हे करते आहे. तिला कुठे मारायचं ते अचूक माहीत आहे, आणि हे वाक्य मी फक्त पंपापुरतं लिहितो आहे.

तो फाटकापासून चालत आला. चेहरा उजळलेला, कोडं सुटल्यासारखा.

"अच्छा!" तो अनघाला म्हणाला. "म्हणजे मालक *तुम्ही*!"

अनघाने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली आहेत. नवऱ्याच्या मदतीला धावून येण्याची ही उत्तम संधी होती.

"हो," ती म्हणाली. "हे पुसतात."

डिडकॉटपर्यंत ती हसत होती. मी ओव्हरड्राइव्ह टाकला नाही, निषेध म्हणून.

रात्री ती झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. पॉझिड्राइव्ह स्क्रू, ३८ पेन्स. टपालखर्च ४ पौंड ९५. मंगळवारी पाकीट आलं. एवढ्या मोठ्या पाकिटात एवढासा तो, आणि डोक्यावर चार रेघा, नखाने ओढल्यासारख्या. बुधवारी बसवला. खर्च 'किराणा'त टाकला.

येत्या रविवारी न्यूबरीकडे मेळा आहे. फडकं मी घरी ठेवणार आहे. तो आला तर दार आधीच उघडं असेल.